बारा आणि पाचच्या खुणा

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, सख्ख्या भावासमोर नाही. देवापुढे हात जोडतो तेव्हासुद्धा मनातल्या मनात हा विषय ओलांडून पुढे जातो. नऊ वर्षं झाली. तुम्हाला का सांगतोय, ते मलाही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, हे एक कारण असेल. भित्र्या माणसाला अनोळखी माणूसच बरा वाटतो.

आधी आमच्याबद्दल थोडं. आम्ही मूळचे सांगलीकडचे. वैशाली, माझी बायको, सरकारी बँकेत आहे. तिला प्रमोशनवर लखनौ मिळालं तेव्हा आमची रेवा दोन वर्षांची होती. गोमती नगरात फ्लॅट घेतला भाड्याने, आणि मी चिनहटच्या एका कारखान्यात नोकरी शोधली. तिथे यंत्रांचे सुटे भाग बनतात. मी क्वालिटीला. म्हणजे दुसऱ्यांनी केलेलं मोजायचं आणि नापास करायचं. हे काम मला छान जमतं. हातात मायक्रोमीटर असला की मी भलताच करारी माणूस असतो. माप न घेता तक्त्यावर बरोबरची खूण करणाऱ्या पोरांना मी किती झापलं असेल! एकाला तर सगळ्यांसमोर रडवलं होतं. आता हे मी का सांगतोय? स्वतःला आधीच चार फटके मारून घेतले म्हणजे तुम्ही कमी माराल, असा काहीतरी हिशेब असणार. जाऊ द्या.

रेवाचा उजवा पाय जन्मापासून गुडघ्याखाली आखूड होता, जरासा वाकलेलाही. लहानपणी ते तिच्या चालीत गोड दिसायचं. सहाव्या वर्षी गोड दिसेना. मग ऑपरेशन ठरलं.

ते कसं असतं, हे सांगायलाच हवं. पायाचं हाड मधे कापतात. पायाभोवती स्टीलच्या कड्या बसवतात, कड्यांमधल्या बारीक तारा हाडातून आरपार जातात, आणि वरची कडी खालच्या कडीला चार उभ्या आट्यांच्या दांड्यांनी जोडलेली असते. दांड्यांवरचे नट दिवसातून चार वेळा पाव-पाव फेरा फिरवायचे. दिवसाला एक मिलिमीटर. तेवढी फट रोज वाढते, आणि त्या फटीत नवं हाड धरत जातं. फिरवण्यात हयगय झाली तर लहान मुलांचं हाड पटकन जुळून बसतं, आणि मग पाय लांब व्हायचा थांबतो. डॉक्टरांनी हे बोटांनी दाखवून समजावलं तेव्हा वैशालीने तीनदा विचारलं. मला एकदाच कळलं. नट, आटे, मिलिमीटर — माझाच तर धंदा.

त्या हॉस्पिटलात फेरे घरच्यांनीच फिरवायचे अशी रीत होती. पहिले दोन दिवस सिस्टर शिकवायच्या, मग पाना आपल्या हातात. घरी गेल्यावर कोण करणार आहे दुसरं? पलंगाला तक्ता लटकवलेला असायचा, त्यावर वेळेसमोर खूण करायची. आमचं घरी जाणं लांबतच गेलं, कारण तारांच्या जागी सारखा संसर्ग व्हायचा. एकूण चार महिने आम्ही त्या वॉर्डात काढले. एका वेळी एकालाच थांबू देत. वैशाली मुक्कामाला असायची. सकाळी सातचा फेरा करून, तिथेच आवरून ती हजरतगंजला बँकेत जायची, आणि परत आल्यावर नऊचा करायची. कारखान्यात काम मंद होतं, मला बिनपगारी रजा मिळाली होती, तेव्हा दिवसभर मी. बाराचा आणि पाचचा फेरा माझा.

पहिले दहा दिवस मी सगळं बरोबर केलं. हे मला सांगावंसं वाटतं. दहाव्या दिवशीच्या एक्स-रेत फट अगदी हवी तेवढी होती, डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

मग एके दिवशी ड्रेसिंग करताना रेवा फार रडली. तारांभोवतीची जागा साफ करायचे, ते फेऱ्यापेक्षा कितीतरी जास्त दुखायचं. रडून रडून तिचा डोळा लागला आणि बारा वाजले. मी पाना हातात घेतला, ठेवला. उठली की करू. एकला जेवण आलं. मग ती हसत होती, चित्राच्या वहीत हत्ती रंगवत होती, मग पाच वाजले. पाचचा केला. आणि बाराच्या रकान्यात खूण करून टाकली. पोर झोपली होती म्हणून एक फेरा राहिला — इथपर्यंत कुणीही बाप हेच करेल, नाही का?

पण दुसऱ्या दिवशी ती झोपलेली नव्हती. मी पाना काढायला पलंगाशेजारचा ड्रॉवर उघडला आणि ती अगदी हळू म्हणाली, “बाबा, आज भी भूल जाइए न.”

म्हणजे तिला कळलं होतं. सहा वर्षांच्या पोरीला कळलं होतं की बाबा विसरत नाही, बाबा विसरू शकतो. मी इकडेतिकडे पाहिलं. सिस्टर दुसऱ्या टोकाला होत्या. मी ड्रॉवर बंद केला, खूण केली, आणि तोंडावर बोट ठेवून म्हणालो, “आपलं सिक्रेट. आईला नाही सांगायचं.” ती खुदकन हसली. चार दिवसांत पाचचा फेराही गेला. कधी पाचचा करायचो, कधी दोन्ही नाही. खूण मात्र एकही चुकली नाही. माझ्या खुणा सुबक असतात, कारखान्यातही सगळे म्हणतात.

मला तिचं रडणं बघवत नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आलो. ते खोटं नाही. पण पूर्ण खरंही नाही, आणि तेच तर सांगायला बसलोय.

रेवा आईची होती. जन्मल्यापासून. मी शिफ्टवरून यायचो तेव्हा ती झोपलेली असायची, आणि सुट्टीच्या दिवशी मी उचललं तरी हात आईकडे. ताप आला की आई, शाळेतून आली की आई. मी हसण्यावारी न्यायचो — आमच्याकडे बाबा म्हणजे पाव्हणा, असं म्हणायचो. आत कुठेतरी लागायचं. आणि आता त्या वॉर्डात काय झालं होतं? वैशाली सकाळी सातला आणि रात्री नऊला हातात पाना घेऊन येणारी बाई झाली होती. ती दाराशी दिसली की रेवा चादर छातीपर्यंत ओढून घ्यायची. आणि मी आलो की दोन्ही हात पसरायची. मी म्हणजे सुटका. शेजारच्या पलंगावर बाराबंकीची एक बाई भाच्याला घेऊन होती, ती म्हणायची, “भैया, बिटिया तो आप ही पे जान देती है.” मी मान खाली घालून हसायचो. मला ते आवडायचं. इतकं आवडायचं की सकाळी रिक्षात बसल्यापासून मी त्याची वाट बघायचो.

एकदा वैशाली सातचा फेरा करत होती आणि रेवा ओरडली, “बाबा करेंगे! बाबा से नहीं दुखता!” वैशालीने माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी मी लवकर पोचलो होतो. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. तिला खरंच शिकायचं होतं. म्हणाली, “अहो, तुम्ही कसं करता? मला दाखवा ना.” मी दाखवलं. दोन बोटांत पाना धरून, हलक्या हाताने, एक नट, दुसरा नट. रेवा माझ्याकडे बघत होती आणि दातांखाली ओठ दाबून गप्प राहिली. माझ्यासाठी. सहा वर्षांची मुलगी माझी लबाडी सांभाळत होती.

त्याच आठवड्यात वैशालीने मला आणखी एक विचारलं. सकाळी लादी पुसणारी मावशी पलंगाच्या वाटेकडच्या बाजूला असायची, म्हणून वैशाली पलंगाच्या खिडकीकडच्या बाजूने बसून नट फिरवायची. तिला शंका आली होती — या बाजूने खालून बघताना आपण उलटे तर फिरवत नाही? मी नीट पाहिलं. माझी नजर यात चुकत नाही. ती बरोबर फिरवत होती, चारही नट, बरोबर पाव फेरा. “अगदी करेक्ट आहे,” मी म्हणालो. पास केलं तिला.

हे मला पक्कं माहीत होतं, एवढं लक्षात घ्या.

दुसरा एक्स-रे पंधरा दिवसांनी झाला. डॉक्टर तो बराच वेळ उजेडापुढे धरून उभे राहिले. मग त्यांनी खिशातून छोटी पट्टी काढली आणि दांड्यांवरचं अंतर मोजलं. परत मोजलं. शनिवार होता, वैशालीही होती. डॉक्टर चिडले नाहीत, ते चिडले असते तर बरं झालं असतं. साधेपणाने म्हणाले की हाड जुळून आलंय, पुन्हा कापावं लागेल. आणि मग विचारलं, “टर्न छूटे हैं, या किसी ने उल्टे घुमाए हैं?”

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो का? इतक्या वर्षांत मी तो क्षण एवढ्यांदा घासलाय की आता सांगता येत नाही. त्याआधी वैशाली बोलली. पांढरीफटक पडली होती. “सर, सुबह वाला हम करते हैं… उस तरफ़ बैठ के. हमसे ही हुआ होगा.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. “और दिन वाले?”

मी पलंगाचा तक्ता काढून त्यांच्या हातात दिला. “सब टाइम पर, सर.”

तुम्हाला गणित सांगतो, कारण मी ते तिथे उभ्या उभ्या केलं होतं. दिवसाला एक फेरा उलटा गेला तर दोन फेरे चुकल्याएवढी तूट येते. सकाळचा एक उलटा म्हणजे दुपारचे दोन न झाल्यासारखंच. पट्टीवरचं अंतर तिच्या चुकीशी जवळपास जुळत होतं. पोरीचं हाड पुन्हा कापणार होते, बायको भिंतीला टेकून उभी होती, आणि मी — मी मनात म्हणालो, जुळतंय. तो सुटकेचा श्वास मला आजही आठवतो. कुठलीही गोष्ट मी इतकी स्वच्छ आठवत नाही.

रेवा माझ्याकडे बघत होती. काही बोलली नाही. सिक्रेट होतं ना.

इथपर्यंत ऐकून तुम्हाला वाटलं असेल, हाच तो गुन्हा. मलाही खूप दिवस तसंच वाटत होतं.

दुसऱ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशीची दुपार. वैशाली बँकेत रजेचा अर्ज द्यायला गेली होती. जाताना मला बाहेर व्हरांड्यात घेऊन म्हणाली, “माझ्या हातून काय झालं ते रेवाला इतक्यात नका सांगू. ती माझ्याजवळ यायची नाही.” मी हो म्हणालो. आत आलो. रेवाने रंगाची पेटी उघडली होती. तिने विचारलं, पाय पुन्हा का कापणार? आणि मग, फार हळू, “हम लोग भूल जाते थे, इसलिए?”

ती हे आईला विचारेल, डॉक्टरांना विचारेल, बाराबंकीच्या बाईला विचारेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी तिच्या जवळ बसलो, तिच्या केसांतून हात फिरवला, आणि म्हणालो, “नाही गं राजा. ते काही नाही. आईकडून चुकून उलटं फिरलं.”

ती गोंधळली. “पर आप तो घुमाते ही नहीं थे न.”

“फिरवायचो की,” मी म्हणालो. “तू झोपेत असायचीस. तुला कळायचं नाही. हळू फिरवायचो ना मी.”

तिने माझ्याकडे पाहिलं. तिला आठवत होतं. तिच्या चेहऱ्यावर मला स्पष्ट दिसत होतं की तिला सगळं आठवतंय, ड्रॉवर, बोट, हसू. पण बाबा सांगतोय. बाबा दुखवत नाही, बाबा खोटं कशाला बोलेल? मग ती म्हणाली, “अच्छा.” पेन्सिल उचलून परत रंगवायला लागली. मी ते त्या दिवशी एकदाच केलं असं नाही. पुढच्या दोन-तीन महिन्यांत ती जेव्हा जेव्हा त्या गोष्टीकडे वळली, तेव्हा तेव्हा मी गोड बोलून तिला तिथून परत फिरवलं. शेवटी तिने विचारणं सोडलं.

दुसऱ्या वेळेला वैशालीने पान्याला हात लावला नाही. “तुम्हीच करा सगळे. माझा हात नको.” तेव्हा मी चारही फेरे केले, एक मिनिट इकडेतिकडे नाही. रेवा रडायची, तरी केले. फक्त त्या वेळी नव्या हाडाची भर आधीच्यासारखी येईना, स्नायू ताणून ताणून दमले होते, डॉक्टरांना लवकर थांबवावं लागलं. पाय अजून दोन बोटं आखूड आहे. उजव्या बुटाला जाड तळ लावून घेतो आम्ही. पहिलीचं वर्ष वाया गेलं ते वेगळंच.

आणि वैशाली. लखनौच्या मराठी मंडळींच्या गणपतीत कुणी सहज विचारलं की मुलीचा पाय कसा आहे, तर ती स्वतःहून सांगायची, “माझ्या हातून चूक झाली हो.” मी तिथेच प्रसादाची ताटली धरून उभा असायचो. बायका माझ्याकडे कौतुकाने बघायच्या — नवऱ्याने कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही म्हणे. खरंच नाही दाखवलं. आजही घरात लोणच्याची बरणी उघडायची असली की ती झाकणावर हात ठेवते, थांबते, आणि विचारते, “डावीकडेच ना?” मी हो म्हणतो. कित्येकदा बरणी माझ्याच हातात देते. बँकेत एवढी मोठी शाखा सांभाळणारी बाई. आणि आमच्या गॅसच्या सिलेंडरला तिने नऊ वर्षांत हात लावलेला नाही.

किती वेळा सांगायचं ठरवलं, ते सांगून उपयोग नाही. ठरवणं फुकट असतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. रेवा आता पंधराची आहे. शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात तिच्या सगळ्या मैत्रिणी नाचात होत्या, आणि मॅडमनी तिला निवेदनाला घेतलं. ती दोन दिवस घुमी होती. रविवारी दुपारी आम्ही तिघं जेवायला बसलो होतो. वैशाली समजूत काढायला गेली — निवेदन पण मानाचं असतं गं, सगळा कार्यक्रम तुझ्या हातात. रेवाने घास खाली ठेवला. आणि हिंदीत, कारण रागावली की ती हिंदीतच बोलते, म्हणाली, “आपने उल्टा न घुमाया होता न आई, तो हम भी नाचते. हमें सब याद है. आप खिड़की की तरफ़ बैठती थीं. आपसे दुखता था, बाबा से नहीं.”

मी तिच्या डोळ्यांत पाहिलं. ती मला जोखते आहे का, कुठेतरी तळाशी ते ड्रॉवर, ते हसू, काही शिल्लक आहे का? काही नव्हतं. ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच आठवतं.

वैशाली म्हणाली, “हो बाळा. माझंच चुकलं.” आणि पोळ्या आणायला आत गेली.

रेवाने डोळे पुसले, आपलं ताट उचललं आणि टेबलाला वळसा घालून माझ्या बाजूला आली. मी खुर्ची सरकवून तिला जागा करून दिली.